हॉटेल मॅनेजमेंट : वर्गातलं शिक्षण आणि हॉटेलातलं प्रशिक्षण – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवेशाच्या दिवसांत पालक विचारतात, दिवाळीनंतर विद्यार्थी विचारतात आणि लग्नसराई तोंडावर आली की हॉटेलमालक विचारतात. कोल्हापूर, पन्हाळा, इचलकरंजी, गडहिंग्लज अशा सगळीकडून येणारे हे प्रश्न. विद्यार्थ्यांना प्रशिक्षणासाठी हॉटेलांत पाठवण्याचं काम मी पाहते, त्यामुळे तिन्ही बाजूंचं म्हणणं माझ्यापर्यंत येतं. पदवी, पदविका, आयटीआय आणि ॲप्रेंटिसशिप यांचे नियम जिथे वेगळे आहेत, तिथे तसं सांगितलं आहे.

१. शेवटी सगळं हॉटेलातच शिकायचं असेल, तर कॉलेजात दोन-तीन वर्षं कशाला घालवायची?

हॉटेलात काम कसं करतात ते दिसतं. ते तसंच का करतात, हे दुपारी दीड वाजता, सगळी टेबलं भरलेली असताना सांगायला कुणालाच सवड नसते. मिरची बदलली, गॅसचा दाब कमी झाला, पन्नासच्या जागी दोनशे माणसांची ऑर्डर आली, की नुसत्या सवयीनं शिकलेला मुलगा अडतो. कारण माहीत असलेला मुलगा त्यातून वाट काढतो.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. वर्गात नॅपकिनच्या घड्या येतात, पण जोतिबाहून आलेलं बारा जणांचं कुटुंब, त्यात दोन तान्ही बाळं आणि रिकाम्या खुर्च्या आठ, हे वर्गात घडत नाही. दोन्ही ठिकाणी हजेरी लागली म्हणजे सांगड बसली असं मी मानत नाही. वर्गातला प्रश्न हॉटेलात गेला आणि हॉटेलातली अडचण वर्गात परत आली, तरच ती बसते. हे कसं साधायचं ते प्रश्न ५, ६ आणि १० मध्ये आहे.

२. इंडस्ट्रियल ट्रेनिंग, ओजेटी, ॲप्रेंटिसशिप आणि पार्टटाइम नोकरी यांत फरक काय?

इंडस्ट्रियल ट्रेनिंग हा पदवी-पदविकेच्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे. त्याला गुण असतात आणि जबाबदारी कॉलेजची असते. ओजेटी, म्हणजे कामाच्या जागी घेतलेलं प्रशिक्षण, आयटीआयच्या अभ्यासक्रमात वर्षाला १५० तास धरलेलं आहे. आयटीआयमध्ये ड्युअल सिस्टीम ऑफ ट्रेनिंग अशीही एक पद्धत आहे. तिच्यात थिअरी संस्थेत आणि प्रॅक्टिकलचा मोठा भाग उद्योगात, असा आयटीआय आणि उद्योगामध्ये लेखी करार होतो.

ॲप्रेंटिसशिप वेगळी. ती ॲप्रेंटिस कायदा, १९६१ खाली चालते. मालक आणि उमेदवार यांच्यात करार होतो, तो सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो आणि उमेदवार अल्पवयीन असेल तर पालक सही करतात. कायद्याच्या नजरेत ॲप्रेंटिस हा शिकाऊ उमेदवार असतो, कामगार नसतो.

पार्टटाइम नोकरी म्हणजे नोकरी. तिचा अनुभव मोलाचा आहे, पण कॉलेजनं आधी लेखी मान्यता दिलेली नसेल तर ती प्रशिक्षणात धरली जात नाही.

३. प्रशिक्षण किती दिवसांचं आणि कोणत्या वर्षी?

नॅशनल कौन्सिल फॉर हॉटेल मॅनेजमेंट या राष्ट्रीय परिषदेच्या पदवी अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षातलं एक सत्र यासाठी ठेवण्याची रीत जुनी आहे. निम्मी मुलं एका सत्रात जातात, उरलेली पुढच्या सत्रात. पदविकेचा कालावधी तुमच्या योजनेच्या पुस्तिकेत पाहा, तो योजनेप्रमाणे बदलतो. वैकल्पिक ट्रेडची, म्हणजे सरकारी यादीबाहेरच्या, मालकानं स्वतः ठरवलेल्या कामाची ॲप्रेंटिसशिप ६ ते ३६ महिन्यांची असू शकते.

४. पैसे मिळतात का?

ॲप्रेंटिसला मिळतात, आणि ते देणं मालकावर बंधनकारक आहे. २०१९च्या सुधारित नियमांत किमान विद्यावेतन दहावी उत्तीर्णांना महिना ६,०००, बारावी उत्तीर्णांना ७,०००, पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना ९,००० रुपये ठरवलं होतं. करार करण्याआधी चालू दर पोर्टलवर पाहून घ्या.

अभ्यासक्रमातल्या इंडस्ट्रियल ट्रेनिंगला अशी हमी नाही. काही हॉटेलं रक्कम देतात, काही फक्त जेवण आणि गणवेश. माझं पालकांना सांगणं असं, की दोन हजार जास्त देणाऱ्या हॉटेलपेक्षा मुलाला एका कामावरून दुसऱ्या कामावर फिरवणारं हॉटेल निवडा. घरची ओढाताण असेल तर मात्र तसं मोकळेपणानं सांगा, म्हणजे राहण्या-जेवणाची सोय असलेली जागा आधी बघता येते.

५. कॉलेजात व्हाइट स्टॉक आणि पाच मदर सॉस शिकवतात. इथल्या हॉटेलात तर तांबडा-पांढरा करायचा असतो. मग त्याचा उपयोग काय?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि मला तो मनापासून आवडतो, कारण उत्तर पातेल्यातच आहे.

मटण शिजवून निघालेली अळणी हाच आपला स्टॉक. थंड पाण्यापासून सुरुवात करा, मंद आचेवर ठेवा, वर आलेला फेस काढत राहा, खळखळून उकळू देऊ नका, हे स्टॉकचे चारही नियम अळणीला लावून बघा. फेस न काढता जोरात उकळलेली अळणी गढूळ होते आणि पांढरा रस्सा करड्या रंगाकडे झुकतो. पुढे त्यात नारळाचं दूध आणि काजू-खसखस-तिळाचं वाटण पडतं. नारळाचं दूध म्हणजे पाण्यात पसरलेले स्निग्धाचे बारीक थेंब. आच वाढली की ते थेंब एकत्र येतात आणि रस्सा फुटतो. हॉलंडेज, म्हणजे अंड्याचा बलक आणि लोण्याचा मदर सॉस, का फुटतो हे वर्गात समजून घेतलेल्या मुलीला, दूध घातल्यावर आचारी गॅस का कमी करतात, हे विचारावं लागत नाही.

तांबड्याचं तसंच. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात फारसा नाही. म्हणून कांदा-लसूण मसाला आधी तेलात परतायचा, अळणी नंतर. हा क्रम चुकला तर वर तर्री येत नाही आणि मग मुलं जास्त तिखट घालून रंग आणू बघतात.

आता कॉस्टिंग. वर्गात आपण पदार्थाचा खर्च भागिले विक्री गुणिले शंभर असं फूड कॉस्ट काढतो, आणि ताटातला प्रत्येक पदार्थ मोजून दिलेला असतो. कोल्हापूरच्या थाळीत रस्सा हवा तितका मिळतो! मग एका थाळीचा खर्च कसा धरायचा? आम्ही मुलांना हे काम देऊनच पाठवतो : सकाळी किती लिटर अळणी निघाली, रात्री किती उरली, दिवसात किती थाळ्या गेल्या, हे आठवडाभर लिहून आणा. त्यावरून सरासरी वाट्या निघतात. रविवारचा आकडा मंगळवारपेक्षा वेगळा का, यावर वर्गात तासभर बोलणं होतं. ही गोष्ट कुठल्याच पाठ्यपुस्तकात आयती मिळणार नाही.

६. लॉगबुकमध्ये रोज काय लिहायचं? सगळे एकमेकांचं बघून लिहितात.

‘आज भाजी चिरली, ग्रेव्हीला मदत केली, ड्युटी संपली’ असं लिहायचं असेल तर बघूनच लिहिलं जाणार. आम्ही चार गोष्टी मागतो : आज केलेलं एक काम, मापासकट. वर्गात शिकवल्यापेक्षा वेगळं दिसलेलं एक. न समजलेलं एक. आणि ज्यांच्याकडून शिकलात त्यांचं पद.

तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. ‘बुफेच्या चेफिंग डिशमध्ये (पदार्थ गरम ठेवायच्या भांड्यात) पाणी आधीच गरम करून का ओततात?’ असं कुणी लिहून आणतं आणि मला पुढच्या तासाचा विषय मिळतो. (थंड पाणी ओतलं तर छोट्या बर्नरवर ते तापेपर्यंत पदार्थ कोमट होतो, आणि ५ ते ६० अंश सेल्सिअस हाच जिवाणूंना मानवणारा पट्टा आहे.)

लिहायला रात्री अकराची वाट पाहू नका. दुपारची पंगत उठल्यावर, तीन-चारच्या सुमारास दहा मिनिटं मिळतात, तेव्हा लिहा. पाहुण्यांची नावं, खोली क्रमांक आणि हॉटेलच्या खास मसाल्याचं प्रमाण मात्र लॉगबुकमध्ये नको. तो त्यांचा विश्वास आहे.

७. मला फक्त शेफ व्हायचंय. हाऊसकीपिंग आणि फ्रंट ऑफिसही करायलाच हवं का?

पदवी-पदविकेला हो. किचन, सर्व्हिस (वाढणं), फ्रंट ऑफिस (स्वागतकक्ष) आणि हाऊसकीपिंग (खोल्यांची निगा) हे चारही मुख्य विभाग पाहावे लागतात. आयटीआयच्या फूड प्रॉडक्शन ट्रेडला हे लागू नाही, तो ट्रेडच किचनचा आहे.

पण आठवडाभर तरी सर्व्हिसला उभे राहा. ताट परत आल्यावर त्यात काय उरलं आहे, हे स्टुअर्डला, म्हणजे वाढणाऱ्याला, आधी दिसतं. स्वतःचं हॉटेल काढण्याचं मनात असेल, तर चादरी, टॉवेल आणि लाँड्रीचा हिशेब शिकल्याशिवाय पन्हाळ्यावर दहा खोल्यांचं लॉजही चालवता येणार नाही.

८. प्रशिक्षण कोल्हापुरात करावं की पुणे, मुंबई, गोव्यात?

दोन्हीत मिळणारं वेगळं आहे. मोठ्या शहरातल्या साखळी हॉटेलात लेखी कार्यपद्धती, स्वतंत्र बुचरी, बेकरी, परदेशी पाहुणे आणि इंग्रजी संभाषण मिळतं. पण तिथे तीन आठवडे एकाच काउंटरवर जाऊ शकतात. कोल्हापुरातल्या मध्यम हॉटेलात एकाच दिवशी नाश्ता, थाळी, मुंज आणि संध्याकाळची पार्टी पाहायला मिळते, मालक समोर असतो आणि खरेदीला सोबत मार्केट यार्डात जाता येतं.

बोलायला बिचकणारा, पहिल्यांदाच गाव सोडणारा विद्यार्थी असेल, तर आधी इथली छोटी ओजेटी आणि मग बाहेरचं मोठं प्रशिक्षण, हा क्रम मी सुचवते.

९. आमचं हॉटेल छोटं आहे, एकूण १२ माणसं. आम्हाला विद्यार्थी घेता येतील का?

येतील. ॲप्रेंटिस घेणं ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना बंधनकारक आहे, मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के या मर्यादेत. ४ ते २९ माणसं असतील तर ते ऐच्छिक आहे. राष्ट्रीय ॲप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजना २०१६ पासून आहे. तिच्यात विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, महिना जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार उचलतं.

कॉलेजच्या प्रशिक्षणार्थींसाठी कॉलेजशी पत्रव्यवहार पुरतो. आम्ही येऊन किचन पाहतो : एफएसएसएआयचा (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना, पिण्याचं पाणी, मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची जागा. एवढं असेल तर चार टेबलांची खानावळही आम्हाला चालते.

१०. गर्दीत आमचं आम्हालाच सुचत नाही. मुलांना शिकवायला वेळ कुठून आणायचा?

वर्ग घ्या असं कुणी म्हणत नाही. एका माणसावर जबाबदारी टाका. बहुतेक ठिकाणी कॅप्टन (वाढणाऱ्यांचा प्रमुख) किंवा सेकंड शेफ हे काम छान करतात. पहिल्या दिवशी किचन फिरवून गॅसचा मुख्य वॉल्व्ह, आग विझवायचं नळकांडं आणि प्रथमोपचाराची पेटी दाखवा. आठवड्यातून एकदा, तीन ते सहाच्या निवांत वेळात, पंधरा मिनिटं मुलाचं लॉगबुक वाचा.

नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांमुळे शहरातली हॉटेलं भरलेली असतात. त्या दिवसांत हाताखाली मुलं हवीत, हे मी समजू शकते. पण घटस्थापनेच्या आदल्या दिवशी नवखी मुलं मागू नका. निदान पंधरा दिवस आधी घ्या, म्हणजे गर्दी येईपर्यंत त्यांना ताटं कुठे, चमचे कुठे हे कळलेलं असतं. गर्दी ओसरल्यावरही पंधरा दिवस ठेवा. काय चुकलं हे बोलायला तेव्हाच वेळ मिळतो.

११. शिक्षक म्हणून वेळापत्रक कसं बसवावं? सलग महिने पाठवावं की आठवड्यातून दोन दिवस?

सलग पाठवलं तर हॉटेलला माणूस मिळतो आणि विद्यार्थ्याला कामाची लय सापडते. पण तो परत येईपर्यंत प्रश्न विसरलेला असतो. आठवड्यातून दोन दिवस पाठवलं तर प्रश्न ताजे राहतात, पण हॉटेलवाले त्याला पाहुण्यासारखं वागवतात. हाती सत्र असेल तर सलग पाठवा, आणि दर तीन आठवड्यांनी एक दिवस वर्गात परत बोलवा. त्या दिवशी नवीन काही शिकवू नका. फक्त लॉगबुकमधल्या तिसऱ्या ओळी वाचा (प्रश्न ६).

विषयांचा क्रमही बदलून पाहा. अन्नसुरक्षा, सुरी धरणं, भाजल्यावरचे उपचार हे जाण्याआधी झालंच पाहिजे. कॉस्टिंग, मेनू प्लॅनिंग, स्टोअर हे परत आल्यावर शिकवा. तेव्हा मुलांकडे स्वतःचे आकडे असतात.

शिक्षकांनीही सुट्टीत आठवडाभर एखाद्या किचनमध्ये उभं राहावं. कॉम्बी ओव्हन (वाफ आणि गरम हवा दोन्हींवर चालणारा) आणि टॅबवरची केओटी (किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी) आपण कधी हाताळलीच नसेल, तर ती कुठल्या पुस्तकातून शिकवणार?

१२. मला महिनाभर फक्त कांदा चिरायला आणि भांडी घासायलाच लावतात. तक्रार करू का?

पहिले आठ-दहा दिवस असेल तर करू नका. कांदा चिरण्यात वेग, सारखेपणा आणि नासाडीचं प्रमाण या तीन गोष्टी मोजता येतात, त्या मोजा. भांडी घासणाऱ्याचं काम हलकं नाही. ते थांबलं तर दहा मिनिटांत किचन थांबतं.

महिना झाला तरी तेच असेल, तर आधी तुमच्यावर नेमलेल्या व्यक्तीला आदरानं सांगा, मग कॉलेजच्या समन्वयकांना. पाठवताना हॉटेलला दिलेल्या कामांच्या यादीची प्रत तुमच्याकडे असते. तिच्यावर बोट ठेवून बोला.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवशीच कळवा. आडनाव किंवा जात विचारून कामं वाटली जात असतील, जेवायला वेगळं बसवलं जात असेल, तर तिथे एक दिवसही थांबायचं नाही. शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांच्या चहाच्या हॉटेलला पाठबळ दिलं, स्वतः जाऊन तिथला चहा घेतला आणि सोबतच्यांनाही घ्यायला लावला, तो याच शहरात. इथल्या किचनमध्ये ही गोष्ट खपवून घेतली जाणार नाही.

१३. मुलीला रात्रीची ड्युटी लावतील का? आम्हाला काळजी वाटते.

काळजी रास्त आहे. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीनेच काम देता येतं, आणि सुरक्षितता व घरापर्यंतची वाहनसोय मालकानं करायची असते. हा नियम कामगारांसाठी आहे, पण विद्यार्थिनींसाठी आम्ही हॉटेलांकडून निदान एवढं तरी लेखी मागतो.

लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा प्रशिक्षणार्थी आणि ॲप्रेंटिस यांनाही लागू आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. त्याहून कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची असते. समितीची नावं पहिल्याच दिवशी विचारून घ्या, त्यात संकोच कसला?

मुली रात्री काम करू शकत नाहीत म्हणून त्यांना फ्रंट ऑफिस नाकारणारी हॉटेलंही भेटतात. ते मला मान्य नाही. दिवसाच्या दोन पाळ्यांत ते काम पूर्ण शिकता येतं.

१४. प्रशिक्षणात भाजलं, कापलं तर जबाबदारी कुणाची?

ॲप्रेंटिसला प्रशिक्षणाच्या ओघात इजा झाली तर भरपाई देण्याची जबाबदारी मालकाची, असं ॲप्रेंटिस कायदाच सांगतो. इंडस्ट्रियल ट्रेनिंगला असा करार नसतो, म्हणून निघण्याआधी कॉलेजनं अपघात विमा उतरवला आहे का ते विचारा.

भाजल्यावर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं. हळद, टूथपेस्ट, तूप काहीही लावू नका. हातावर उघडी जखम किंवा पोट बिघडलेलं असेल तर अन्नाला हात लावायचा नाही, मग ड्युटी कितीही महत्त्वाची असो. अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी सक्तीची आहे. ती प्रशिक्षणाआधीच करून घ्या.

१५. हॉटेलात पुस्तकाच्या विरुद्ध चाललेलं दिसलं तर काय करायचं?

पद्धत वेगळी असणं आणि धोका असणं यात फरक करा. पुस्तकात ताट उजवीकडून ठेवायला सांगितलंय आणि हॉटेलात जागेअभावी डावीकडून ठेवतात, तर तिथली पद्धत पाळा आणि लॉगबुकमध्ये नोंदवा. तळणीचं तेल काळं पडेपर्यंत वापरलं जातंय, शिजलेला भात रात्रभर ओट्यावर राहतोय, हा धोका आहे. तेलातली ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यानं वाढणारे घटक) २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरता येत नाही, असा एफएसएसएआयचा नियम २०१८ पासून आहे.

सगळ्यांसमोर आचाऱ्यांना सुनावू नका. ‘काका, हे तेल आज बदलायचं का?’ असं एकांतात विचारा. बदल झाला नाही तर समन्वयकांना सांगा. मालकाशी बोलणं आमचं काम आहे. ते विद्यार्थ्याच्या गळ्यात पडू नये.

१६. आम्ही माळकरी आहोत. मटणाला, दारूला हात लावणार नाही. प्रशिक्षण होईल का?

होईल, पण प्रवेश घेतानाच सांगा. शुद्ध शाकाहारी हॉटेलं, मिठाई, बेकरी, हाऊसकीपिंग, फ्रंट ऑफिस यांत भरपूर वाव आहे. अडचण येते ती परीक्षेत मांसाहारी पदार्थ निघाला तर. तिथे सवलत मिळेलच असं नाही, म्हणून तुमच्या मंडळाचा किंवा विद्यापीठाचा नियम आधी विचारा.

बारचं ज्ञान चाखून घ्यायचं नसतंच. महाराष्ट्रात कडक मद्य पिण्याचा परवाना २५ वर्षांखाली मिळत नाही. ग्लास, तापमान, सर्व्हिस आणि साठ्याची नोंद हे सगळं न चाखता शिकवलं जातं.

१७. वडिलांचंच हॉटेल आहे. प्रशिक्षण तिथेच केलं तर?

बहुतेक ठिकाणी परवानगी मिळत नाही आणि ते योग्यच आहे. मुलाला गुण देणारे वडील आणि ‘मालकाचा पोरगा’ म्हणून गप्प बसणारे कामगार, यात शिकणं होत नाही. बाहेर प्रशिक्षण घ्या आणि घरच्या हॉटेलवर प्रोजेक्ट करा. वीस पदार्थांच्या ठरीव पाककृती आणि त्यांचं कॉस्टिंग लिहून काढलं, तर वडिलांच्याही उपयोगाला येईल.

१८. प्रशिक्षण चालू असतानाच मालक म्हणतात, कॉलेज सोड, पंधरा हजार देतो. जाऊ का?

घरी अडचण असेल तर हा मोह किती मोठा असतो ते मी पाहिलं आहे. मालकांना दोन प्रश्न विचारा : तीन वर्षांनी माझं पद काय असेल, आणि परीक्षेसाठी सुट्टी द्याल का? चांगला मालक दुसऱ्याला लगेच हो म्हणतो, मग संध्याकाळची पाळी धरून शिक्षण पूर्ण करता येतं. नाही म्हणाले, तर त्यांना आजच्या सीझनपुरते हात हवेत असं समजा.

१९. गुण कोण देतं?

हॉटेलचा अहवाल, लॉगबुक, सादरीकरण आणि तोंडी परीक्षा यांतून मिळून ठरतात. वाटणी अभ्यासक्रमाप्रमाणे बदलते. हॉटेलवाल्यांना माझी विनंती, सगळ्यांना ‘उत्तम’ लिहून देऊ नका. ‘वक्तशीर आहे, पण फोनवर बोलताना अडखळतो’ एवढं एक वाक्य आम्हाला पुढच्या सत्रासाठी पुरतं.

२०. आजारपणामुळे प्रशिक्षण अर्धवट राहिलं. पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल?

हजेरीची किमान अट पूर्ण झाली असेल तर सहसा नाही. कमी पडलेले दिवस सुट्टीत, शक्यतो त्याच हॉटेलात भरून काढता येतात, पण त्याला कॉलेजची आधी परवानगी हवी. डॉक्टरांचा दाखला परत आल्यावर न देता आजारपणातच पाठवा. हॉटेल सोडताना तोवरच्या दिवसांचं पत्र विभागनिहाय तारखांसह, सही-शिक्क्यानिशी घेऊन ठेवा. मॅनेजर बदलले की ते पत्र मिळवायला फार हेलपाटे पडतात.